मारासिगानांची दोलोरोसा

मनिला, २० नोव्हेंबर १९७८

प्रिय तिया फ्रोसिंग,

तुमचा हात कपाळाला लावतो आणि ज्या बातमीसाठी तुम्ही दोन दिवस टपालवाल्याची वाट अडवून उभ्या असाल, ती आधी देतो. आपली दोलोरोसा इथल्या म्युझियममध्ये सुखरूप पोहोचली. चेहऱ्यावर ओरखडा नाही, बोटं सगळी जागेवर आहेत.

वाटेत एकच प्रसंग झाला. कालांबाच्या पुढे शिपायांनी इंगोची भाड्याची जीपनी गाडी अडवली. मागच्या बाकावर चादरीत गुंडाळलेली बाई आडवी ठेवलेली पाहून त्यांनी इंगोला हात वर करायला लावले. "कोण आहे ही?" शिपायाने विचारलं. "येशूची आई," इंगो म्हणाला. त्याला वाटलं होतं, शिपाई हसेल. तो हसला नाही. मग चादर उघडली, आणि त्याच शिपायाने टोपी काढून क्रुसाची खूण केली आणि पुढच्या नाक्यापर्यंत मोटरसायकल घेऊन आमच्यापुढे चालला. इंगो म्हणतो, पुढच्या खेपेला भाडं दुप्पट.

प्रदर्शनाचं नाव 'गावोगावचे देव' असं ठरलं आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस उघडेल. मूर्तींच्या शेजारच्या पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आहे, तेव्हा दोलोरोसा आपल्या घरी कशी आली ते थोडक्यात कळवा. थोडक्यात, तिया. पाटी तळहाताएवढीच असते.

तुमचा भाचा,
क्रिसांतो


सांता फिलोमेना, बातांगास
१ डिसेंबर १९७८

क्रिसांतो,

तळहाताएवढी पाटी? किकायच्या नवऱ्याच्या थडग्यावर याहून जास्त लिहिलंय, आणि त्याने आयुष्यात कोंबड्या झुंजवण्यापलीकडे काही केलं नाही.

लिहून घे. माझ्या आजीने, डोन्या इसिदोरा मारासिगानने, मनिलाच्या सर्वांत नावाजलेल्या कारागिराकडून ही शोकमाता घडवून घेतली. तेव्हापासून दर गुड फ्रायडेला सांता फिलोमेनाच्या मिरवणुकीत सगळ्यात शेवटचा, म्हणजे मानाचा, गाडा आमचा असतो. तिला कपडे चढवायचा मान आजीनंतर माझ्या आईकडे आला, आईनंतर माझ्याकडे. आजी ज्या रात्री वारली, त्या रात्री दोलोरोसाच्या डाव्या गालावरचा काचेचा अश्रू घसरून ओठापाशी आला. हे नक्की लिही. काच कशी घसरेल असं कोणी विचारलं तर त्याला माझ्याकडे पाठव.

आता महत्त्वाचं. तिचे कपडे काढायची वेळ आली तर खोलीत पुरुष नको. तूसुद्धा नको. लग्न केलं नाहीस म्हणून तू पुरुष नाहीस असं होत नाही.

किकायच्या मग्दालेनाच्या मूर्तीला तुमच्या म्युझियमने विचारलंसुद्धा नाही, हे मी रविवारी चर्चच्या पायरीवर दोघी-तिघींना सहज सांगितलं. किकाय तेव्हापासून दुसऱ्या दाराने बाहेर पडते.

तुझी तिया


मनिला, ९ जानेवारी १९७९

प्रिय तिया,

तुम्ही पाठवलेलं गोड भाताचं सुमान मिळालं. केळीच्या पानातून काढायच्या आतच कचेरीतल्यांनी संपवलं.

एक गोष्ट तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगतो. आमच्या प्रमुख मिस लाग्दामेओ यांना दोलोरोसाचा सांगाडा लोकांना दाखवायचा आहे. कोरलेला फक्त चेहरा आणि हात, बाकी नुसत्या लाकडी पट्ट्या. एवढ्या थोड्या लाकडात आपल्या कारागिरांनी आई कशी उभी केली ते लोकांनी पाहावं असं त्यांचं म्हणणं. मी बराच वाद घातला. शेवटी असं ठरलं की समोरून ती पूर्ण पोशाखात असेल, पाठीमागे झगा हातभर उघडा राहील. ते काम दोन बायकांनी केलं. मी दाराबाहेर होतो.

दुसरं म्हणजे, शेजारच्या भिंतीसाठी एक चित्र आलं आहे. एका अमेरिकन शिपायाने ते शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडच्या लढाईतून पेटीत घालून नेलं होतं. त्याच्या नातवाने पेटी उघडली आणि परत पाठवलं. कोणा गावठी चित्रकाराने लाकडी फळीवर काढलेलं, नवस फेडण्यासाठी. चॅपेल, घंटा, मेणबत्त्या घेतलेली माणसं आणि मधोमध गाड्यावर शोकमाता. तिचा चेहरा आपल्या दोलोरोसासारखा आहे, अगदी मान कललेली तीही तशीच. खाली मजकूर आहे, पण त्यावर धुराचा थर बसला आहे. साफ होतोय. झाला की कळवतो.

क्रिसांतो


सांता फिलोमेना
१७ जानेवारी १९७९

बाळा,

झग्याविषयी मी आत्ता बोलत नाही. त्या मिस बाईला सांग, तिच्या पाठीची बटणं मी एकदा जमलेल्या लोकांसमोर उघडेन, मग तिला कळेल.

पण चित्र! अरे, आमची दोलोरोसा अमेरिका बघून आली! मी तुझं पत्र पाद्रीबाबांना वाचून दाखवलं, झग्याचा भाग वगळून. त्यांनी रविवारच्या प्रार्थनेत सगळ्यांना सांगितलं की सांता फिलोमेनाची माता सातासमुद्रापलीकडे पोहोचली होती. मी मुद्दाम पुढच्या बाकावर बसले नव्हते, पण लोकांनी मागे वळून पाहिलंच. बाजारात तावीलिस विकणारीने माझ्याकडून माशांचे पैसे घेतले नाहीत. किकाय म्हणाली, "चित्र काय, कोणीही काढतं." मी म्हटलं, "हो गं, मग तुझ्या मग्दालेनाचं का नाही काढलं कोणी?"

खालच्या मजकुरात डोन्या इसिदोराचं नाव असणार. असलं पाहिजे. गाड्यामागे उभी असलेली कोणी उंच, गोरी बाई दिसते का बघ, ती आजी. चित्राचा फोटो काढून पाठव, मोठा. पाद्रीबाबा चर्चच्या दारात लावणार आहेत.

तुझी तिया


मनिला, ३० जानेवारी १९७९

प्रिय तिया,

हे पत्र पाद्रीबाबांना वाचून दाखवू नका. आधी एकट्याच वाचा.

मजकूर साफ झाला. त्यात लिहिलं आहे: तुबिगानच्या लोकांनी, वादळातून वाचल्याबद्दल, १८९३. डोन्या इसिदोराचं नाव नाही. उंच गोरी बाई नाही. सगळे अनवाणी आहेत. मागची टेकडी तुबिगानची आहे. तुमच्या माडीवरून रोज दिसते तीच, फक्त दुसऱ्या बाजूने.

मी स्वतःला सांगून पाहिलं की दोन मूर्ती सारख्या असू शकतात. मग भिंग घेऊन पुन्हा पाहिलं. चित्रातल्या मातेच्या उजव्या गालावर दोन अश्रू आहेत आणि डावीकडचा एक ओठापाशी आहे. तिया, तुमची आजी १९११ साली वारली. चित्र त्याच्या अठरा वर्षं आधीचं आहे.

आता मला इथल्या दुसऱ्या दालनातल्या फोटोंवरून जे कळलं ते लिहितो. हे आम्हाला शाळेत शिकवलं नाही. शाळेत अमेरिकेचे प्रेसिडेंट पाठ करायला लावायचे. १९०२ सुरू होताना आपले लोक अमेरिकनांशी लढत होते, तेव्हा त्यांच्या फौजेने आपल्या प्रांतातल्या सगळ्या खेड्यांना हुकूम दिला: आखलेल्या हद्दीच्या आत येऊन राहा, बाहेर जे उरेल ते जाळलं जाईल. सांता फिलोमेना हद्दीच्या आत होतं. तुबिगान बाहेर होतं. माणसांनी उचलता येईल तेवढं उचललं आणि आपल्या गावात आली, मागे धूर दिसत होता. फोटोत झोपड्या एकमेकींना चिकटून आहेत, माणसं त्याहून जास्त. मग पटकी आली.

मूर्ती आपल्या घरी कधी आली असेल, हे मी लिहीत नाही, तुम्हीही तेच समजल्या असाल.

मिस लाग्दामेओंच्या अजून हे ध्यानात आलेलं नाही. चित्र दुसऱ्या भिंतीवर टांगता येतं, पाटीत 'प्रांत अज्ञात' लिहिता येतं. तुम्ही सांगाल तसं करीन. एरवी मी असं करणारा माणूस नाही, पण त्या घरात त्या मूर्तीशिवाय तुमचं दुसरं कोणी नाही हे मला माहीत आहे.

क्रिसांतो


सांता फिलोमेना
५ फेब्रुवारी १९७९

क्रिसांतो,

माझे आजोबा, डोन्या इसिदोराचे नवरे कापितान बेनितो, चोर नव्हते. पटकीत लोकांना पाणी देता देता गेले. हे तू तुझ्या भिंगातून पाहिलंस का?

तुबिगानचे लोक! मी त्यांना लहानपणापासून बघते. दर गुड फ्रायडेला येतात, आमच्या गाड्यामागे शेवटपर्यंत चालतात, मेणबत्ती ठेवतात आणि चालते होतात. माझ्या आईने किती वेळा बोलावलं, वर या, भात खा, गरम कॉफी घ्या. पायरीला पाय लावत नाहीत. एवढा ताठा! आमची दोलोरोसा त्यांची असती तर सत्त्याहत्तर वर्षांत एकाने तरी तोंड उघडलं नसतं? माझ्या कुंपणातला एक आंबा रस्त्यावर पडला तर शेजारीण दुसऱ्या दिवशी हक्क सांगते.

म्हणून मी सांगितलं तसंच लिही. चित्र कुठे टांगायचं ते तुझं तू बघ. त्या फोटोचं मी इथे काय सांगू? किकाय रोज विचारते.

फ्रोसिंग


मनिला, ६ मार्च १९७९

प्रिय तिया,

प्रदर्शन उघडलं. दोलोरोसाची पाटी अशी आहे: शोकमाता, लाकूड आणि काच, मारासिगान घराण्याकडून. चित्र पलीकडच्या दालनात आहे. गर्दी बरी आहे, शाळेची मुलं मूर्तीच्या पाठीमागे जाऊन हसतात आणि मास्तरणी त्यांचे कान पिळतात.

मागच्या शनिवारी तुबिगानहून सात बायका आल्या. पाद्रीबाबांनी प्रार्थनेत सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोहोचलं होतं. पहारेकरी मला बोलवायला आला, कारण त्यांनी चपला दारात काढून ठेवल्या होत्या आणि दोलोरोसासमोर जमिनीवर बसल्या होत्या. त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला बाकीच्या लोला इस्का म्हणतात, म्हणजे इस्का आजी. हद्दीच्या आत आली तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिने मूर्तीच्या पाठीमागे जाऊन पाहिलं, आपली शाल काढली आणि उघड्या भागावर घातली. मिस लाग्दामेओ तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "राहू दे." शाल अजून तिथेच आहे.

मी तुमचा भाचा आहे हे त्यांना सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "ही तुमची का?"

"नाही रे बाबा," लोला इस्का म्हणाली. "मारासिगानांच्या घरची. बरी आहे ना ते बघायला आलो."

मी त्यांना चित्राकडे नेलं. त्या चॅपेल बघून हरखल्या. "घंटा काय झोकात काढलीय!" एक म्हणाली. मी म्हटलं, लोला, गाड्यावर हीच माता आहे, अश्रूसुद्धा तोच. तिने मान हलवली. "तो माझ्या आजोबांच्या हातून घसरला. डिंक ओला होता. आजी त्यांना मरेपर्यंत बोलायची."

"मग तुम्ही ती परत का नाही मागितली?"

मग त्यांच्यातल्या एका मधल्या वयाच्या बाईने मला झापलं. "हे काय बोलणं झालं? ठेवायला दिलेली वस्तू मागतं का कोणी? त्यांना काय वाटेल? आमचा त्यांच्यावर भरवसा नाही?"

"म्हणून तर आम्ही त्यांच्या घरात शिरत नाही," दुसरी म्हणाली. "वर गेलो की नजर हिच्याकडे जाणार. मग त्या बाईसाहेबांना वाटणार, आल्या न्यायला."

लोला इस्काने सांगितलं ते असं: तिचे वडील मूर्ती खांद्यावर घेऊन कापितान बेनितोच्या दारात गेले आणि म्हणाले, लढाई संपेपर्यंत ठेवा, आमच्या झोपडीत पाऊस गळतो. कापितान म्हणाले, ठेवतो, लढाई संपली की मी स्वतः सांगायला येईन.

"आले नाहीत," ती म्हणाली.

"पण लोला, लढाई संपली हे तुम्हाला ठाऊक होतंच की."

"आम्हाला कसं ठाऊक असणार? कोणी सांगायलाच आलं नाही."

ती हसत नव्हती. ती थट्टा करत होती की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. जाताना त्यांनी पहारेकऱ्याला सुमानचं पुडकं दिलं आणि चपला घालून बस पकडायला गेल्या.

मी मत देत नाही. तुमचे आजोबा चोर नव्हते, एवढं मात्र आता नक्की आहे. ते सांगायला जाण्याआधी पटकीने गेले.

क्रिसांतो


सांता फिलोमेना
१९ मार्च १९७९

क्रिसांतो,

मूर्ती गुड फ्रायडेच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारच्या आधी घरी पाहिजे. इंगोला पाठवते. तो दुप्पट भाडं मागतोय, देईन.

तुझ्या मागच्या पत्रातलं मला काही वाचता आलं नाही असं समज. माझे डोळे अधू झालेत. किकायने फोटोचं विचारलं, मी सांगितलं टपालात हरवला. पाद्रीबाबा यंदा गाड्यावर विजेचे दिवे लावायचं म्हणतात, बातांगासहून माणूस येणार आहे. सगळं गाव तयारीत आहे. तू मिरवणुकीला येऊ नकोस, इथे उगाच तोंड उघडशील.

शाल धुऊन, घडी घालून मूर्तीबरोबर पाठव.

फ्रोसिंग


सांता फिलोमेना
१६ एप्रिल १९७९

बाळा क्रिसांतो,

तुझ्या कानावर गावातून काय काय आलं असेल देव जाणे, म्हणून मीच लिहिते.

यंदा गुड फ्रायडेची मिरवणूक दोलोरोसाशिवाय निघाली. मानाच्या जागी किकायची मग्दालेना होती, डोक्यावर विजेचे दिवे लावून. अर्ध्या वाटेत ते विझले, पण किकाय इतकी खूश होती की तिला कळलंच नाही. पाद्रीबाबा माझ्याशी बोलत नाहीत. तावीलिसवाली आता पैसे घेते, आणि वजनात मारते. मी घराण्याचं नाक कापलं असं तुझा चुलत भाऊ चर्चच्या अंगणात मोठ्याने म्हणाला. म्हणू दे. आजीला हे सगळं ठाऊक होतं का, एवढं मात्र मला कळायला हवं होतं. आता वर गेल्यावर तिलाच विचारेन.

मी ठरवलं कधी, ते मला नीट सांगता येणार नाही. बुधवारपर्यंत माझं काही ठरलं नव्हतं. दार लावून तिला मिरवणुकीचे कपडे चढवत होते, तोंडात टाचण्या धरून, नेहमीसारखी. काळा मखमली झगा, चांदीची जर. मग तिच्या खांद्यावर काय टाकावं म्हणून पेटीत हात घातला तर ती शाल हाताला आली. जुनी, ठिगळ लावलेली. मी ती बाजूला ठेवली आणि पुन्हा उचलली, असं किती वेळा केलं. माझ्या हातांनी मी तिला साठ वर्षं सजवली रे. माझ्या हातांइतकं तिला कोण ओळखतं? पण ज्या बाईने आपली शाल तिच्या पाठीवर घातली, तिने एकदाही हात लावून 'माझी' म्हटलं नाही. आणि मी तर बाजारात जाताना, मासे घेतानासुद्धा म्हणत आले. मला फार लाज वाटली. ती शालच मी तिच्या खांद्यावर टाकली.

गुरुवारी सकाळी इंगोला बोलावलं. आडवी नाही नेली, माझ्या शेजारी बसवून नेली, पट्ट्यांच्या कमरेला हात घालून. वाटेवर एक खड्डा चुकवला नाही त्या गाढवाने.

तुबिगान जवळच आहे, पण मी तिथे कधी गेले नव्हते. चॅपेल नवं आहे, पत्र्याचं. लोला इस्का अंगणात बसून गुड फ्रायडेसाठी सुमान पानात बांधत होती. बायका गोळा झाल्या, पण जीपनीकडे एकीनेही पाहिलं नाही. मुद्दाम पाहत नव्हत्या. मला बसायला बाक पुढे केला, कोणी कॉफी आणली. मीही त्यांच्या घरी पहिल्यांदाच कॉफी प्याले, आणि ती आपल्यापेक्षा चांगली आहे हे तुझ्याजवळ कबूल करते.

येताना मी भाषण पाठ केलं होतं. आजोबा पटकीत गेले, मागे कोणी काही सांगितलं नाही, आम्ही वाईट लोक नाही. तिच्यासमोर उभी राहिले आणि त्यातलं एक अक्षर आठवेना. मी म्हटलं, "लोला इस्का, मी कापितान बेनितोच्या घरून आलेय. सांगायला आलेय. लढाई संपली."

तिने हातातलं पान खाली ठेवलं. हात पुसले. सगळ्या बायका आता रडत होत्या, ती सोडून. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "कोण जिंकलं?"

क्रिसांतो, माझी सत्तरी आली. कोणाला उत्तर द्यायला मला कधी विचार करावा लागलेला नाही. 'आपण' म्हणायला गेले तर तिच्या घरच्यांपैकी कितीजण त्या हद्दीतून परत आले ते मला माहीत नव्हतं. 'ते' म्हणायला जीभ वळेना. मी बाकावर बसून हमसून हमसून रडले. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "असू दे. घाई नाही. विचारून सांग."

दोलोरोसा तिथेच आहे. दर बुधवारी टाचण्या लावायला ये म्हणाल्यात, मी विचार करते म्हटलं. घरातली तिची खोली रिकामी आहे आणि मला मुळीच करमत नाही. हे तुला सोडून कोणाला सांगणार नाही.

पण मी लिहायला बसले ते दुसऱ्याच कामासाठी. तुमच्या म्युझियममध्ये एवढी दालनं आहेत, एवढ्या पाट्या आहेत, तू स्वतः लिहितोस. कुठल्या तरी पाटीवर कोण जिंकलं ते असेल. बघ आणि मला एका ओळीत कळव, सोप्या शब्दांत, म्हातारीला वाचून दाखवता येईल असं. ती घाई नाही म्हणाली, पण तिचं वय तू पाहिलंस.

तुझी तिया